राष्ट्रीय सणांची शुभेच्छापत्रे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



साहित्यावर आणि संगीतावर अधिकाराने बोलणारी मंडळी या सभागृहात पुष्कळ आहेत. माझ्यासारख्या सरकारी नोकराने आपल्या आवाक्यातला विषय घ्यावा, हे बरे. म्हणून १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवशी आपण भ्रमणध्वनीवरून एकमेकांना जी शुभेच्छापत्रे धाडतो, त्यांविषयी मी बोलणार आहे.

राष्ट्रीय सणाच्या शुभेच्छा टपालातून जाणे ही गोष्ट नवी नव्हे. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर तिरंगा होता आणि 'जय हिंद' ही अक्षरे होती. पुढे तारखात्याने शुभेच्छांच्या तारांसाठी ठराविक वाक्यांची एक यादीच केली. दिवाळी, ईद, नाताळ, परीक्षेतील यश, विवाह, अशा प्रत्येक प्रसंगाचे वाक्य ठरलेले आणि त्याला क्रमांक दिलेला. त्या यादीत स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन यांसाठीही वाक्ये होती. पाठवणाऱ्याने क्रमांक लिहायचा. पलीकडच्या कचेरीने पूर्ण वाक्य उतरवून द्यायचे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा ही यादीही इतिहासजमा झाली.

तेव्हा तयार मजकूर पाठवण्याचा दोष केवळ आजच्या पिढीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उसने वाक्य आपल्या वडीलधाऱ्यांनीही पाठवले. फरक आहे तो अन्य ठिकाणी. तारेसाठी कचेरीत जावे लागे, रांगेत उभे राहावे लागे, पदरचे पैसे मोजावे लागत. त्यामुळे तार कोणाला करायची याचा विचार आधी होई. वाक्य सरकारचे असले, तरी नाव आपण निवडलेले असे. संगणकावरच्या आरंभीच्या शुभेच्छापत्रांतही हा विचार शिल्लक होता. १९९४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'इलेक्ट्रिक पोस्टकार्ड' सुरू झाले, तेव्हा पाठवणारा चित्र निवडी आणि खाली स्वतःचा मजकूर लिही. आज व्हॉट्सॲपवर आलेले कार्ड एका स्पर्शाने अनेकांकडे रवाना होते. त्यात चित्र दुसऱ्याचे, शब्द दुसऱ्याचे, आणि कोणाला पाठवले हेही पाठवणाऱ्याला संध्याकाळी आठवत नाही. खर्च नाहीसा झाला ही आनंदाची गोष्ट आहे. त्याबरोबर विचारही नाहीसा व्हावा, ही मात्र नव्हे.

हा विचार गेल्याचा पहिला परिणाम दिसतो तो ध्वजाच्या चित्रात. संविधानसभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेल्या आपल्या ध्वजाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण तीनास दोन असे आहे आणि चक्राचे आरे चोवीस आहेत. याच राज्यात हुबळीजवळ बेंगेरी येथे खादीचे ध्वज तयार होतात, तेव्हा कापड, रंग, शिलाई आणि चक्र यांची कसून तपासणी होते. आणि आपल्या हातातल्या कार्डावर? कुठे आरे सोळा, कुठे चक्र लंबगोल, तर कुठे पांढऱ्या पट्ट्यावरच मोठ्या अक्षरांत 'हार्दिक शुभेच्छा' आणि खाली दुकानाची जाहिरात! ध्वजसंहितेनुसार ध्वजावर कोणतीही अक्षरे लिहिता येत नाहीत. राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानासंबंधीच्या १९७१ च्या कायद्यात ध्वजाच्या चित्राचाही समावेश ध्वजातच केलेला आहे. भ्रमणध्वनीवरील कार्डाला हे कलम कसे लागू होते, हे न्यायालये ठरवतील. सुजाण नागरिकाने तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

मित्रहो, ध्वजाच्या बाबतीत इतके काटेकोर का असावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या या शहरापासून फार दूर नाही. बंगळुरूच्या उत्तरेस गौरीबिदनूरजवळ विदुराश्वत्थ नावाचे गाव आहे. २५ एप्रिल १९३८ रोजी तेथे, बंदी असताना, ध्वज फडकवण्यासाठी लोक जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कित्येकजण जागीच पडले. आपल्या महाराष्ट्रात नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालत होता. तो आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांनी हाती धरलेला ध्वज आज आपल्या बोटाच्या एका स्पर्शावर आला आहे. ही सोय त्यांनी मिळवून दिली, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून ही कार्डे पाठवूच नयेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. परदेशी असलेल्या मुलाकडून सकाळी आलेला तिरंगा पाहून एखाद्या आजींचा दिवस उजळतो, हे आपण सारे जाणतो. शिवाय कागदी झेंडे दुसऱ्या दिवशी गटारात लोळताना पाहण्यापेक्षा पडद्यावरचा झेंडा शतपटीने बरा. माझी विनंती एवढीच, की कार्ड पुढे धाडण्यापूर्वी ध्वज नीट पाहावा, ज्याला पाठवतो त्याचे नाव लिहावे आणि एक ओळ स्वतःची जोडावी. त्या ओळीत आपल्या गावच्या एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचे स्मरण असले, तर नातवंडांना ते नाव तरी कळेल. शेजारच्या कन्नड कुटुंबाला 'शुभाशयगळु' हा एक शब्द त्यांच्या भाषेत लिहावा. ज्या नगरीने आपल्या मंडळाला पन्नास वर्षे आसरा दिला, तिच्याशी आपले नाते त्याने अधिक दृढ होईल.

मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्याकडे हौशी चित्रकार आहेत, सुंदर हस्ताक्षराच्या भगिनी आहेत, संगणक सहज हाताळणारी तरुण मंडळी तर घरोघरी आहेत. येत्या राष्ट्रीय सणापासून मंडळाने आपले स्वतःचे शुभेच्छापत्र काढावे. ध्वज प्रमाणबद्ध असावा, अक्षरे ध्वजाबाहेर असावीत, आणि खाली सभासदाने स्वतः भरावयाची एक ओळ कोरी ठेवावी. ती कोरी ओळ भरताना जो क्षणभर विचार करावा लागेल, त्या क्षणातच खरा राष्ट्रीय सण साजरा होईल, असे मला वाटते.



जय हिंद!