पोटापाण्याचं काम आणि लेखन



पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाची ओळख छापलेली असते. जन्मगाव, शिक्षण, आधीची पुस्तकं, मिळालेले पुरस्कार. पोटासाठी या माणसानं काय केलं, हे तिथे बहुधा नसतं. असलंच, तर ‘नोकरी सांभाळून लेखन’ एवढ्यावर भागवलेलं असतं. मला ती ओळ फार अपुरी वाटते. मराठीत केवळ लेखनावर घर चालवता आलं अशी माणसं थोडी. बाकीच्यांचा सगळा दिवस दुसऱ्याच कामात गेला. ते काम त्यांच्या लेखनाच्या आड आलं, असं आपण हळहळून म्हणतो. पण जरा जवळून पाहिलं, तर पुष्कळांच्या हाती लेखनाचा ऐवज त्या कामानंच दिलेला दिसतो.

आपण हे भाषण रेडिओवर ऐकत आहात, म्हणून सुरुवात दि. बा. मोकाशींपासून करतो. 1915 साली जन्मलेल्या मोकाशींचा पुण्यात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय होता. बंद पडलेल्या रेडिओतला दोष शोधायचा, तर एकेक भाग तपासत पुढे जावं लागतं. अंदाजानं उडी मारून भागत नाही. त्यांच्या ‘पालखी’मध्ये मला हीच सवय दिसते. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर ते आळंदीहून पंढरपूरला गेले आणि 1964 साली त्या वाटचालीचं पुस्तक आलं. वारी म्हटली की भल्याभल्यांची लेखणी गहिवरते. मोकाशी शेजारून चालणाऱ्या माणसाशी बोलतात, त्याची दमणूक पाहतात, त्याच्या घरच्या काळज्या ऐकून घेतात, आणि स्वतःच्या मनात श्रद्धा किती आणि शंका किती हेही तपासतात. पुढे ‘आनंदओवरी’त त्यांनी तुकाराम नाहीसे झाल्यानंतर त्यांना शोधणारा भाऊ कान्होबा उभा केला. तिथेही शोधच. दुकानातल्या टेबलाशी जडलेली सवय लेखनात उतरली, हा अर्थात माझा तर्क आहे, पण पुस्तकं पुन्हा वाचताना तो पक्का होत जातो.

आकाशवाणीच्या नोकरीत तर आपले कितीतरी लेखक होते. मर्ढेकर होते, पु. ल. होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम दीर्घकाळ केलं. रेडिओसाठी लिहिताना वाक्य एकदाच कानावर पडणार, हे धरून लिहावं लागतं. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. माडगूळकरांचं आखूड, नेमकं वाक्य त्यांच्यापाशी आधीपासूनच होतं. या नोकरीनं ते वळण मोडू दिलं नाही, एवढं निश्चित म्हणता येईल.

प्रत्येकाच्या बाबतीत असा धागा जुळतोच असं मात्र नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते. बेस्टचा इतिहासही त्यांनी लिहिला. पण त्यांच्या कादंबऱ्या बसगाड्यांच्या आसपास फिरकत नाहीत. ‘गारंबीचा बापू’, ‘रथचक्र’ या दापोलीकडच्या कोकणातल्या. दिवसभर मुंबईतलं कार्यालय, आणि मनात मुर्डी-हर्णैचा मुलूख. गाव सोडून आलेल्या माणसाला गाव अधिक लख्ख दिसतं, तसं काहीसं झालं असावं. श्री. दा. पानवलकर कस्टम्समध्ये होते. त्यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून ‘अर्धसत्य’ हा चित्रपट निघाला. कथा पोलीस अधिकाऱ्याची, लिहिणारा कस्टम्समधला. वर्दी आणि अधिकार माणसाचं काय करतात, हे कळायला त्यांना लांब जावं लागलं नसेल.

मारुती चितमपल्लींबद्दल मला जरा सावकाश सांगायचं आहे. सोलापूरचा हा माणूस वनखात्यात अधिकारी झाला आणि नोकरीची बहुतेक वर्षं विदर्भातल्या जंगलांत राहिला. बदली, गस्त, वणवा, रजिस्टरं हा वन अधिकाऱ्याचा दिवस. चितमपल्लींनी त्यातच वही ठेवली. वाटाड्या आदिवासी पाखराला काय म्हणतो, झाडाला कुठलं नाव देतो, अमुक पक्षी ओरडला की पावसाबद्दल काय सांगतो, हे ते विचारत आणि लिहून ठेवत. नवेगाव बांधला माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाकडून त्यांनी पाखरांची विद्या घेतली आणि त्याचं श्रेय मोकळेपणानं दिलं. त्यांचा ‘पक्षीकोश’ उघडून पाहा. शहरात वाढलेल्या मराठी माणसाला तोवर चार-दोन पाखरांपलीकडे नावं ठाऊक नव्हती. ज्यांनी ती नावं जपली होती त्यांच्या हाती छापखाना नव्हता. या दोघांमध्ये एक सरकारी नोकर उभा राहिला. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, ते मला फार योग्य वाटतं. वनखात्यात ते गेलेच नसते, तर हे लेखन दुसऱ्या कुणाच्या हातून होण्याजोगं नव्हतं.

आता मुंबईच्या गिरणगावाकडे येऊ. नारायण सुर्वे हे अनाथ मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं त्यांना उचलून घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. पुढे सुर्व्यांनी घरगडी म्हणून, हॉटेलात, गिरणीत, मिळेल तिथे काम केलं. पालिकेच्या शाळेत ते शिपाई होते. नोकरी करता करता परीक्षा दिली आणि शिक्षक झाले. 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं, 1966 साली ‘माझे विद्यापीठ’. त्यांच्या कवितेत माणसं बोलतात. हमाल, वेश्या, छपाई कामगार, मोर्च्यातला कार्यकर्ता. त्यांच्याविषयी लांबून लिहिलेलं ते नाही, त्यांच्यात राहून ऐकलेलं आहे. 1995 साली परभणीला हा माणूस संमेलनाचा अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर बसला.

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले ते चालत. शाळेशी ओळख जेमतेम. हमाली केली, गिरणीत राबले, आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून कथा, कादंबऱ्या, लावण्या, पोवाडे लिहिले. ‘फकिरा’ तिथलीच. पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अण्णा भाऊ 1969 साली वारले तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते, आणि शेवटपर्यंत ओढग्रस्तीतच जगले. कष्टानं लेखकाला विषय मिळतो, हे खरं. म्हणून लेखकानं उपाशी राहावं असं कुणी सुचवू लागला, तर तो क्रूरपणा आहे. अनुभव त्यांच्या लेखनाला पुरला असता. उपासमारीची त्यात काहीही गरज नव्हती.

शेवटी फलटणच्या बेबी कांबळे. नवऱ्याबरोबर त्यांनी छोटं किराणा दुकान चालवलं. पुड्या बांधायला रद्दी आणायची, आणि ती बांधण्याआधी वाचून काढायची. दुकानात बसल्या बसल्या त्या लिहू लागल्या, आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवू लागल्या. बाईनं लिहिणं घरात चालण्यासारखं नव्हतं. अशी कित्येक वर्षं गेली. फलटणला राहून काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिहितात हे कळलं. त्यांच्या प्रोत्साहनानं ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून आणि मग 1986 साली ‘जिणं आमुचं’ या पुस्तकातून बाहेर आलं. महारवाड्यातल्या बायकांचं जगणं, त्यातली भूक, अंगावरचा मार आणि बाबासाहेबांच्या शब्दानं आलेली जाग मराठीत अशी आधी कुणी लिहिली नव्हती. कुणी विचारलंच नसतं, तर ते कागद दुकानातच राहिले असते. आणखी किती दुकानांत, किती पेट्यांत असे कागद राहून गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून संपादकांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे. हस्तलिखित टपालानं येईल याची वाट पाहत बसू नका. एसटीच्या आगारात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, साखर कारखान्यावर, बंदरावर जा आणि इथे कोण लिहितं, हे विचारा.

आणि श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी परिचारिका असेल, कुणी वायरमन, कुणी अंगणवाडीसेविका, कुणी ऊसतोडीला जाणारं. तुमच्या कामाची जी हत्यारं, ज्या वेळा, ज्या भीती आणि जे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, ते आम्हाला ठाऊक नाहीत. शाळा किती झाली याचा हिशेब करू नका. शुद्धलेखन मागाहून दुसरं कुणी तपासून देईल. एक वही घ्या आणि आजच्या दिवसात कामावर काय घडलं, ते आज रात्री लिहून ठेवा.