फुगडीचा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला नृत्यावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोऱ्हाळ्यात नाचावर कसलं भाषण? उसावर बोल, पाण्यावर बोल." त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु गौरीच्या जागरणाला याच काकू फुगडीला उभ्या राहिल्या, की समोरच्या पोरीला घाम फुटतो! तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे.

फुगडीत काय घडते ते पाहा. हातांची अढी घालायची, पायाला पाय भिडवायचा आणि अंग मागे झोकून द्यायचे. त्या घटकेला माझा सारा भार तुमच्या हातात असतो आणि तुमचा माझ्या. एकीने हात सोडला तर दोघी पडायच्या. म्हणून फुगडी ताकदीपेक्षा भरवशावर चालते.

शहरांतून ज्याला आता समकालीन नृत्य म्हणतात, त्यात पुष्कळदा राजाराणीची कथा नसते, दागिन्यांचा थाट नसतो. माणसाचा देह, एका देहाची दुसऱ्याशी असलेली जवळीक आणि त्या जवळिकीत उघडे पडणारे हळवेपण, हाच त्याचा विषय. आपली फुगडी हेच सांगते, फक्त तिला कोणी एवढे मोठे नाव दिले नाही.

आपल्या देशात या वाटेने गेलेली एक थोर बाई म्हणजे चंद्रलेखा. त्यांचा जन्म १९२८ सालचा, आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा गावचा, घर गुजराती. पुढे मद्रासेत त्या एलप्पा पिळ्ळै या गुरूंकडे भरतनाट्यम शिकल्या. १९५२ साली त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, तो रायलसीमेतल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी. पद होते यमुनेच्या पाण्यात खेळणाऱ्या गोपींचे. हातांनी पाणी दाखविता दाखविता त्यांच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आणि पाण्यासाठी डबे घेऊन रांगेत उभी असलेली माणसे आली. नाचात एवढे पाणी आणि बाहेर घोटभर नाही! कला आणि जगणे यांत एवढे अंतर का, हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. एका अंगाला नीरेचा कालवा आणि दुसऱ्या अंगाला जिरायत पट्टा असलेल्या आपल्या तालुक्यातल्या बायकांना हा प्रश्न कोणी समजावून सांगायला नको.

१९८५ साली त्यांनी 'अंगिक' बसविले. त्यात भरतनाट्यमला योग आणि केरळातल्या कळरिपयट्टूची जोड दिली. पुढे 'श्री' या रचनेत कणा वाकलेल्या बायका रंगमंचावरून चालत जातात. बाई कशी वाकत गेली, हे त्यांनी एका शब्दावाचून दाखविले. खुरपणीची पात लावून दिवसभर वाकणाऱ्या आणि उठताना कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणणाऱ्या बाईला ते पाहायला तिकीट काढावे लागत नाही. पण आपली कंबर हा विचार करण्याजोगा विषय आहे, हे आपल्याला कोणी सांगितले होते का? आपण दुखणे अंगावर काढतो. गाठ हाताला लागली तरी सुगी होईपर्यंत बोलत नाही. देहाविषयी बोलणे म्हणजे निलाजरेपणा, हे आपल्याला शिकविले गेले. त्या शिकवणुकीने किती जणी दवाखान्यात उशिरा पोचल्या, हे आपापल्या भावकीत आठवून पाहा.

वयाची सत्तरी ओलांडल्यावर, २००१ साली, चंद्रलेखांनी आपली अखेरची रचना केली. तिचे नावच 'शरीर'. गुंदेचा बंधूंचे धृपद चालू असते आणि एक स्त्री व एक पुरुष अतिशय संथपणे हालत असतात. या नृत्यावर झालेल्या अनुबोधपटाचा काही भाग मी पाहिला. प्रथम संकोच वाटला, हे लपवीत नाही. मग ध्यानात आले, की ही बाई कोणाला रिझविण्यासाठी हालत नाही. तिचा देह तिचाच आहे. सिनेमातल्या गाण्यावर शाळेच्या संमेलनात आपण आठ वर्षांच्या पोरीला कंबर हलवायला लावतो, तेव्हा मात्र आपल्याला संकोच वाटत नाही. त्या दोहोंत खरोखर लाजिरवाणे कोणते, याचा विचार तुम्हीच करा.

आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावचे नाव ज्यांनी देशभर नेले, त्या विठाबाईंना विसरून कसे चालेल? तमाशाच्या फडावर नाचता नाचता त्यांना कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि २००२ सालच्या जानेवारीत त्या गेल्या त्या पैशाच्या ओढगस्तीतच. ज्या देहावर हजारोंनी शिट्ट्या वाजविल्या, त्या देहाच्या वेदनेचा वाटेकरी कोण झाले? आणि त्या हयात असताना आपल्यापैकी कितीजणींनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावले असते?

येथे मी मूळ मुद्द्यावर येते. फुगडी हा भरवशाचा खेळ आहे, तर आपण कोणाचे हात धरतो? नवरा गेला की त्याच दिवसापासून बाई फेरातून वगळली जाते. काल जिच्या हातात हात होता, ती आज दाराआड उभी राहून झिम्मा ऐकते. तिच्या देहाला त्या एका दिवसात असे काय होते? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनानेही इतर गावांना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव कागदावर होतो. पण बांगडी भरलेला हात पुढे करणे हे आपल्यालाच करावे लागते.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. येत्या गौरींच्या वेळी मंडळाने फुगडी-झिम्म्याची एक संध्याकाळ ठेवावी. तिला प्रत्येक आळीतल्या आणि वस्तीवरच्या बायकांना बोलवावे आणि पहिली फुगडी विधवा भगिनींबरोबर घालावी. दुसरी सूचना अशी, की त्याच दिवशी सकाळी एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे आणि दार लावून, मोकळेपणी, आपल्या दुखण्यांविषयी विचारावे. खर्च फारसा नाही. धीर मात्र लागेल.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून टाळ्या वाजवाव्यात. ताल त्यांनीच धरायचा आहे. बाकीच्यांनी पदर खोचावा.