दुसरं नाव कुणाचं? : शिडाची बोट भाड्याने घेण्याआधी

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)

शिडाची बोट भाड्याने घेऊन आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, तर त्याला काय काय लागतं, हा आजचा विषय. पैशांचं सांगतो, वाऱ्याचंही सांगतो. पण मला खरं बोलायचंय ते एका फॉर्मवरच्या एका रकान्याबद्दल. तिथे येतोच.

आम्ही गेलो होतो ग्रीसला, लेफकाडा बेटावर. मी, बायको आणि आमचे दोन मित्र. लेफकाडा ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हाच भाग सुचवतात, आणि त्याला कारण आहे. उन्हाळ्यात सकाळी समुद्र बहुतेक शांत असतो. दुपारी वायव्येकडून वारा सुटतो, त्याला तिकडे माइस्ट्रो म्हणतात, आणि संध्याकाळी तो पडतो. आपण शाळेत भूगोलात खारे वारे शिकलो ना, त्यांच्याच कुळातला. शिवाय बेटं जवळजवळ आहेत. मेगानिसी, इथाका, केफालोनिया. एका बेटावरून दुसरं दिसतं.

याउलट पूर्वेकडचा एजियन समुद्र. पांढरी घरं, निळे घुमट, ते सगळे फोटो तिकडचे. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. ब्यूफर्ट मापावर 7-8 पर्यंत जातो आणि कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. म्हणून फोटो बघून समुद्र निवडू नका. वारा बघून निवडा.

आणखी एक गंमत. मुंबईच्या बंदरात शिडाची होडी शिकलेला माणूस आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतो. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. तिथे भरती जवळपास जाणवतच नाही. मला वाटलं, चला, निम्मं काम सोपं झालं!

आता व्यवहाराचं. बोट दोन प्रकारे मिळते. एक, कप्तानासकट. दुसरा प्रकार म्हणजे बेअरबोट, नुसती बोट, कप्तान तुम्हीच. करार साधारण शनिवार ते शनिवार. शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात येते आणि शुक्रवारी संध्याकाळी मूळ धक्क्यावर परत यावं लागतं. म्हणजे सात रात्री असल्या तरी फिरायला मिळतात सहाच दिवस. त्यातला शेवटचा परतीचा, म्हणून गुरुवारची रात्र धक्क्याच्या जवळपासच काढायची. शुक्रवारी हवा बिघडली आणि शनिवारी विमान असलं, की माणूस नको ते निर्णय घेतो.

भाड्याशिवाय कार्डवर अनामत अडकते. चाळीस फुटी बोटीला साधारण दोन-तीन हजार युरो. डिझेल, शेवटची साफसफाई, काही ठिकाणी धक्क्याचं भाडं, हे वेगळं. कप्तान घेतलात तर त्याची मजुरी, जेवण आणि झोपायला एक केबिन. हे धरून हिशोब करा.

आता तो फॉर्म. ग्रीसमध्ये बेअरबोट घ्यायची तर कप्तानाकडे मान्य प्रमाणपत्र लागतं. आयसीसी त्यातलंच एक. बुकिंगआधीच त्याची प्रत पाठवून लेखी होकार घ्या. आणि त्याबरोबर बोट हाताळू शकणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नावही द्यावं लागतं. तो रकाना आला, मी बायकोचं नाव लिहिलं. तिने सही केली. ती माझ्याबरोबर दोन-चारदा होडीत बसली होती. बस, तेवढंच. मी म्हटलं, "अगं, कागदापुरतं आहे."

पहिले चार दिवस मस्त गेले. रोज पंधरा-वीस सागरी मैल, दुपारी एखाद्या खाडीत पोहणं, संध्याकाळी गावातल्या धक्क्यावर जेवण. पाचव्या दिवशी इथाकाच्या एका छोट्या बंदरात शिरत होतो. तिथे धक्क्याला बोट आडवी लावत नाहीत. पुढून नांगर सोडायचा, मग उलटं येत येत मागची बाजू धक्क्याला लावायची. नांगराची साखळी पुढचं टोक धरून ठेवते. दोन्ही बाजूंना दुसऱ्या बोटी, मध्ये आपल्याला जेमतेम जागा. आणि वारा आडवा.

साखळी मध्येच अडकली. मित्राला ती सुटेना. मी सुकाणू बायकोच्या हातात दिलं आणि पुढे धावलो. साखळी ओढताना ती अचानक सुटली आणि माझी दोन बोटं तिच्यात सापडली. पुढचं टोक वाऱ्याने शेजारच्या बोटीवर जायला लागलं. मी ओरडतोय, "न्यूट्रल कर, न्यूट्रल!" आणि तिला इंजिनाच्या दांड्याची न्यूट्रल जागा कुठली तेच माहीत नाही. कशी असणार? मी दाखवलीच नव्हती. चार दिवस मी एकटाच सुकाणू धरून फोटो काढून घेत होतो.

शेजारच्या बोटीवरच्या लोकांनी फेंडर मध्ये घातले, एकाने आमच्या बोटीवर उडी मारून इंजिन सांभाळलं. निभावलं. दोन टाके, दोन्ही बोटींवर ओरखडे, अनामतीला कात्री, आणि परतीच्या प्रवासासाठी कप्तान मागवावा लागला, त्याचे पैसे वेगळे.

रात्री बायको एवढंच म्हणाली, "बोटं गेली असती ते एक. पण तू पाण्यात पडला असतास तर आम्ही तिघं काय करणार होतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रमाणपत्र माझ्या एकट्याच्या खिशात होतं, आणि मी पडलो असतो तर त्याच्यासकट पडलो असतो.

म्हणून सांगतो. रविवारी सकाळी, धक्का सोडल्यावर उघड्या पाण्यात दोन तास काढा आणि ज्याचं नाव दुसऱ्या रकान्यात आहे त्याच्या हातून पाच गोष्टी करून घ्या. इंजिन चालू-बंद करणं. दांडा पुढे, न्यूट्रल, मागे. शिडं उतरवणं. रेडिओवर 16 नंबरच्या चॅनलवर बोलून आपण कुठे आहोत ते वाचून सांगणं, आणि झाकणाखालचं लाल बटण कधी दाबायचं ते. पाचवी, एक फेंडर पाण्यात टाकून, एकाने त्याच्यावरून नजर न हलवता बोट दाखवत राहायचं आणि बोट वळवून त्याच्याकडे परत यायचं. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. बोलायचं नाही. सगळ्यात अवघड तेच आहे, मला विचारा.

आणि असा दुसरा माणूस तयार नसेल, तर लाज न बाळगता निदान पहिले दोन-तीन दिवस कप्तान घ्या. ते पैसे वाया जात नाहीत, कारण तेवढ्यात तो बाकीच्यांनाही शिकवून जातो.

आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी बायकोने मुंबईत रीतसर शिकायला सुरुवात केलीय. फॉर्मवर पहिलं नाव कुणाचं घालायचं, यावर घरात अजून वाद चालू आहे. त्याचा निकाल लागला की कळवतो. तोवर नमस्कार.