ग्रानादाचा हमामखाना

सुटीत स्पेनला जाल, तर ग्रानादात दारो नदीकाठचा अकराव्या शतकातला हमामखाना अवश्य पाहा. स्नान आता होत नाही. पण थंड, कोमट आणि कढत पाण्याची दालने ओळीने आहेत. कढत दालनात भट्टीची ऊब फरशीखालून खेळवीत. छताच्या चांदणीसारख्या झरोक्यांतून उजेड उतरतो. आमच्या तांब्याच्या बंबाला हे वैभव कुठले! १५६७ साली मात्र दुसऱ्या फिलिपच्या हुकुमाने मोरिस्कोंना, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांना, अरबी भाषेबरोबर हमामही वर्ज्य झाले. नुसत्या आंघोळीवरून माणूस धर्मन्यायालयाच्या संशयाला पात्र होई! पुढच्याच वर्षाअखेर त्यांनी बंड पुकारले. या हमामखान्यात पुढे लोक कपडे धूत. कपड्यांच्या स्वच्छतेला कुणाची हरकत नव्हती.