गाडी सुटल्यानंतरची गाणी



पत्रिकेत आजचा विषय 'प्रेमभंग आणि अपरिचित जपानी गाणी' असा छापला आहे. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला विचारलं, "आपल्याकडे विरहाची गाणी कमी पडली का हो?" (हशा) काका, कमी पडली नाहीत. पण आपल्या विरहगीतांतली बाई बहुतेक वेळा दारात, खिडकीत, नाहीतर नदीकाठी वाट पाहत उभी असते. मी ज्या गाण्यांबद्दल बोलणार आहे त्यांतली बाई निघते. प्रेमभंग झालेल्या माणसाची हजार वेळा समजूत घाला, तो सावरत नाही. आता उठून कुठे जायचं, हाताने काय करायचं, हे त्याला कळावं लागतं. जपानी गीतकारांना हे फार चांगलं कळलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

जपानची ओळख करून देत बसत नाही. पु.लं.चं 'पूर्वरंग' इथल्या निम्म्या मंडळींना पाठ असेल. एन्का म्हणजे बंदरं, गुत्ते, बर्फ आणि ताटातूट यांचं तिथलं लोकप्रिय गाणं, एवढं धरून चला. संगीत शिकणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. एन्काच्या बऱ्याच चालींत मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. बाकीचे स्वर शुद्ध ठेवले तर आपला भूप होतो. त्याच भूपातले गंधार आणि धैवत कोमल करा. (पेटीवर वाजवून दाखवतात.) ऐकलंत? शिवरंजनीच्या उंबरठ्यापर्यंत आलो, पण धैवत आणखी खाली उतरला. दुःखी एन्का बहुतेक वेळा या पाच स्वरांत असतं.

आता मुख्य गाण्याकडे येतो. 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी', म्हणजे त्सुगारु सामुद्रधुनीचं हिवाळी दृश्य. शब्द आकु यू यांचे, चाल मिकी ताकाशी यांची, गायिका इशिकावा सायुरी. बारा महिन्यांची बारा गाणी असलेल्या एका अल्बममधलं हे डिसेंबरचं, म्हणजे शेवटचं गाणं. 1 जानेवारी 1977 ला त्याची स्वतंत्र तबकडी निघाली तेव्हा सायुरी अठरा वर्षांच्या होत्या. उत्तरेच्या बर्फाचं हे गाणं गाणारी मुलगी मूळची क्युशूतल्या कुमामोतोची, अगदी दक्षिणेकडची!

गाण्याची सुरुवात पाहा. तोक्योतल्या उएनो स्टेशनहून निघालेली रातगाडी आओमोरीला पोचली आहे आणि ही बाई बर्फात खाली उतरते आहे. तो कोण होता, काय बोलला, कुणाचं चुकलं, याबद्दल अक्षर नाही. गाडीतली अख्खी रात्रसुद्धा आकु यूंनी वगळली आहे. गाणं सुरू होतं तेव्हा ती अर्धी वाट चालून आलेली असते. आजूबाजूचे प्रवासी गप्प आहेत, समुद्राची गाज तेवढी आहे, आणि ती होक्काइदोला जाणाऱ्या बोटीत चढते. घरी परत चालली आहे. रडते, हो, रडतेच. पण बोटीत बसून रडते आणि बोट चाललेली असते.

उएनो हे नाव त्या काळच्या जपानी श्रोत्याला फार काही सांगणारं होतं. पन्नास-साठच्या दशकांत ईशान्येकडच्या खेड्यांतली शाळा संपवलेली पोरं खास गाड्यांनी, घोळक्याघोळक्याने याच स्टेशनात उतरायची आणि कारखान्यांत, दुकानांत कामाला लागायची. तोक्योने त्यांना जिथून आत घेतलं, त्याच फलाटावरून ही बाई परत निघाली आहे.

आणि ती बोट! तिच्याबद्दल दोन शब्द बोलतो. आओमोरी ते हाकोदाते अशी ही फेरी 1908 पासून चालायची आणि समुद्र ओलांडायला सुमारे चार तास लागायचे. 26 सप्टेंबर 1954 च्या वादळात यातली 'तोया मारू' हाकोदातेजवळ बुडाली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्या रात्री याच फेरीच्या आणखी चार बोटी बुडाल्या. समुद्राखालून बोगदा काढायचा विचार आधीपासून होता, या आपत्तीनंतर त्याने जोर धरला. खणायला वर्षानुवर्षं लागली. पाणी आत शिरलं, माणसं गेली, पण काम थांबलं नाही. 53.85 किलोमीटरचा सेइकान बोगदा 13 मार्च 1988 ला सुरू झाला आणि त्याच दिवशी बोटीची नेहमीची फेरी बंद झाली. आज शिंकान्सेनने हाच समुद्र खालून पार होतो. बाहेर बर्फ नाही, पक्षी नाहीत, डेकवर उभं राहायची सोय नाही. 'हाक्कोदा मारू' ही जुनी बोट आओमोरीच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून बांधून ठेवली आहे. तिथून पुढे ताप्पी नावाचं भूशिर आहे. गाण्यात त्याचं नाव येतं, म्हणून तिथे या गाण्याचा शिलालेख उभारला आहे. बटण दाबलं की सोसाट्याच्या वाऱ्यात मोठ्या आवाजात सायुरी गायला लागतात. जगात प्रेमभंगाची स्मारकं पुष्कळ असतील, पण वाटेवर, बोटीच्या मार्गाकडे तोंड करून…

चिठ्ठी आली. पंधराच मिनिटं? (हशा) बरं, पटापट पुढे जातो.

मागून कुणीतरी म्हणालं, हे गाणं तर जपानात सगळ्यांना ठाऊक आहे, मग अपरिचित कसं? तिथे पोराटोरांनाही ठाऊक आहे, मान्य. आपल्याकडे कुणी ऐकलंय, हात वर करा. बघा! आपल्या मुलांना ताकेउची मारियांचं 'प्लास्टिक लव्ह' माहीत असतं, त्यांचंच 'एकी' ऐकलेलं नसतं. एकी म्हणजे स्टेशन. आधी गायिका नाकामोरी आकिनांसाठी लिहिलेलं हे गाणं 1987 मध्ये मारियांनी स्वतः गायलं. संध्याकाळी स्टेशनवर ओळखीचा रेनकोट दिसतो. जुना प्रियकर. ती त्याला हाक मारत नाही. शेजारच्या डब्यात चढते आणि तिथून त्याच्याकडे पाहत राहते. तिकीटगेटमधून बाहेर पडते तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो. त्याच्या डब्यात नाही, शेजारच्या! एवढं अंतर राखायला शिकवणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

'मोमेन नो हंकाचीफु', सुती रुमाल, 1975. गायिका ओता हिरोमी, शब्द मात्सुमोतो ताकाशी, चाल त्सुत्सुमी क्योहेइ. चार कडवी, प्रत्येकात आधी तो, मग ती. तो गावातून शहरात गेला आहे. अंगठी पाठवतो, सुटातला फोटो पाठवतो. तिला काहीच नको असतं, शहराचा रंग त्याला लागू नये एवढंच हवं असतं. चौथ्या कडव्यात तो कळवतो की आता परत येणं जमणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदा काहीतरी मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल. इतकी भेटवस्तूंची उठाठेव केलेल्या माणसाकडे तिने काय मागितलं पाहा. तो पाठवेल, ती डोळे पुसेल आणि हिशेब मिटेल.

तुम्ही म्हणाल, 'किता नो यादो कारा'तली बाई तर उत्तरेच्या खाणावळवजा मुक्कामात बसून तो घालणारही नाही असं स्वेटर विणते, ती कुठे निघाली? 1976 चं जपान रेकॉर्ड पारितोषिक मिळवणारं मियाको हारुमींचं हे गाणं माझ्याविरुद्ध नेहमी पुढे केलं जातं. मला हा आक्षेप मान्य नाही. ते स्वेटर त्याच्यासाठी नाहीच. विणायला घेतलेलं तिला संपवायचं आहे. सुया ठेवेल तेव्हा ती मोकळी होईल.

नाकाजिमा मियुकींवर खरं तर स्वतंत्र व्याख्यान हवं. 1981 चं त्यांचं 'आकुजो' म्हणजे वाईट बाई. त्याला आपल्यापासून सुटता यावं म्हणून ही बाई मैत्रिणीला फोन लावून परपुरुषाशी मजेत असल्याचं नाटक करते, रात्र बाहेर काढते आणि रडायचं ते पहाटेच्या गाडीत रडून घेते. गाडी इथेही आलीच!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, थांबतो. एकच सांगायचं राहिलं. जखम अगदी ताजी असेल तर 'एकी' आत्ता ऐकू नका, त्याला काही वर्षं मध्ये जावी लागतात. आधी 'सुती रुमाल' ऐका. त्सुगारुचं गाणं प्रवासात ऐका, घरी नको, आणि शक्यतो खिडकीची जागा घ्या.