कोची : यादी खिशात ठेवून



कोची शहर मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा साडेतीन तासांत, दुसऱ्यांदा चार दिवसांत. पहिल्या वेळी ‘पाहिलं’ म्हणणं तसं धाडसाचंच.

तेव्हा एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. चर्चला वीस मिनिटं, राजवाड्याला अर्धा तास, उरलेला वेळ मसाल्याच्या दुकानात. पत्नीचे गुडघे दुखत होते. ती फोर्ट कोचीला चिनी जाळ्यांपाशी कट्ट्यावर बसून राहिली आणि मी यादीवर खुणा करत धावलो. रात्री गाडीत तिनं मला सांगितलं, लाकडी वाशांना टांगलेलं ते भलंमोठं जाळं चार-पाच माणसं पाण्यात कसं सोडतात, मागं दोरांना बांधलेल्या धोंड्यांच्या वजनावर ते कसं वर येतं आणि एवढ्या खटाटोपानंतर त्यात कधी कधी मूठभरच मासळी कशी असते. मला मात्र चर्चबद्दल काही धड सांगता येईना.

म्हणून पुन्हा गेलो. फोर्ट कोचीतच एका घरात खोली घेतली. एर्नाकुलमहून इकडे यायला बोट उत्तम. २०२३ पासून शहरात वॉटर मेट्रोही सुरू झाली आहे. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये या वेळी निवांत बसलो. वास्को-द-गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथंच पुरला गेला. पुढं त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. वर दोरीनं ओढायचे जुने कापडी पंखे दिसतात. ते ओढणाऱ्याचं नाव मात्र कुठल्या दगडावर नाही.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू, किंवा पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला करी. दुपारी जाड्या तांबूस तांदळाचा भात आणि मासळीची आमटी. केळीच्या पानात भाजलेला करीमीन एकदा तरी खावाच. मट्टानचेरीत कायीजची बिर्याणी खा, वर दुधाविना सुलेमानी चहा घ्या. संध्याकाळी कथकली पाहायची असेल तर तासभर आधी जा. नटाचा चेहरा रंगताना पाहणं हा निम्मा खेळच असतो.

मट्टानचेरीचा राजवाडा ‘डच पॅलेस’ म्हणून ओळखला जातो. तो बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास. डचांनी नंतर दुरुस्त केला. आतली रामायणाची भित्तिचित्रं सावकाश पाहावीत. जवळच ज्यूंचं १५६८ मधलं प्रार्थनामंदिर आहे. जमिनीवर चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या फरशा आहेत. राजवाडा शुक्रवारी बंद, प्रार्थनामंदिर शनिवारी. वार बघूनच जा. इस्रायल झाल्यावर इथली बहुतेक ज्यू कुटुंबं तिकडे गेली. गल्ली आहे, पाट्या आहेत; माणसं जवळपास उरली नाहीत.

तिथून रिक्षानं चेरलाईला गेलो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून निघालेली गौड सारस्वत मंडळी इथं स्थिरावली. त्यांचं तिरुमल देवस्थान इथंच आहे. डच अंमलदार व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवला, तेव्हा रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांनी त्याला साहाय्य केलं. त्यांचं १६७५ चं प्रमाणपत्र त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलेलं आहे.

हे सगळं मी पत्नीला सांगत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. पापडाच्या दुकानात एक आजी गिऱ्हाइकाशी कोकणी बोलत होत्या. पत्नीचं माहेर कारवारचं. आई गेल्यापासून घरात तिच्याशी कोकणी बोलणारं कुणी नव्हतं आणि मी बत्तीस वर्षांत ती भाषा शिकलो नाही. ती बिचकत एक वाक्य बोलली. आजींनी स्टूल पुढं केलं. मग दोघी पाऊण तास बोलत होत्या. काही शब्द जुळत नव्हते, त्यांवर हसत होत्या. परतताना पत्नी म्हणाली, “आईचं एक हाक मारणं होतं, ते आज ऐकलं.”

त्या दिवशीची यादी अर्धी राहिली. राहू दे. तुम्ही कोचीला जाल तेव्हा यादी जरूर करा. पण कुणी स्टूल पुढं केलं तर बसा. आणि घरी कुणाची भाषा एकटी पडली असेल, तर कोचीला जाण्याआधीच तिच्यातले चार शब्द शिका. मी आता सुरुवात केली आहे.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)