अपत्याची वाट पाहणारा प्रोग्राम

नांदेडच्या विष्णुपुरीतली श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ सालची. लातूरलाही संगणक शिकवणारी महाविद्यालयं आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना दोन्हीकडच्या मुलांना ‘फोर्क’ आणि ‘वेट’ ही जोडी भेटतेच.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू केलं. लिनक्सनंही युनिक्सची ही जोडी उचलली. ‘फोर्क’ म्हटलं की प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, जवळजवळ हुबेहूब नक्कल तयार होते. मूळ प्रोसेस पालक, नक्कल अपत्य. अपत्याला उत्तरात शून्य मिळतं, पालकाला अपत्याचा क्रमांक.

मग पालक ‘वेट’ म्हणतो आणि थांबतो. या काळात तो प्रोसेसरचा वेळ खात नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला झोपवतो, अपत्य संपलं की उठवतो आणि निकालाचा आकडा हाती देतो. शून्य म्हणजे काम फत्ते.

खरी गंमत पुढेच आहे. पालक ‘वेट’ म्हणायला विसरला तर? संपलेल्या अपत्याची मेमरी परत जाते, पण प्रोसेसच्या यादीतली नोंद राहते. माणूस गेला तरी रेशनकार्डावर नाव राहावं तशी. हाच ‘झोंबी’. त्याला ‘किल’ करून उपयोग नाही, मेलेल्याला काय मारणार! अशा नोंदी फार साचल्या, तर नवी प्रोसेस सुरूच होत नाही.

पालकच आधी संपला, तर अनाथ अपत्याला सहसा एक क्रमांकाची ‘इनिट’ प्रोसेस दत्तक घेते आणि तीच ‘वेट’ करते. लिनक्सवर ‘टॉप’ हा आदेश दिला, की झोंबींचा आकडा वरच्याच ओळींत वेगळा दिसतो.